प्रकरण सतरावे : मिठाचा वास

बाटली विहिरीत सोडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मंडईचा दिवस. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, लेकी माहेरी येतात, सोयरे जेवायला येतात आणि लाइट जाते. बपेऱ्यात मंडईच्या दिवशी लाइट असल्याचं गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही आठवत नाही. आणि तो इतका म्हातारा आहे, की गावात लाइट यायच्या आधीपासून ती गेलेली त्याला आठवते. अशा दिवशी फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. म्हणून विहीर.

तृप्तीनं बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली, बादलीत ठेवली आणि दोर हळूहळू सोडला.

"बाबा, बारा वाजेपर्यंत कोणी हात लावाचा नाई. हे थंडच पाहिजे."

"आमी कायले हात लावू वो?" वासुदेवराव म्हणाले. "आमाले का दारू मायीत नाई?"

बाप असं म्हणाला की मुलीनं सावध व्हायला हवं होतं. पण तीन वर्षं गोव्याच्या हॉटेलात परक्या माणसांच्या पेल्यात वाइन ओतून ओतून तृप्तीला बापाची सवय सुटली होती.

"दारू नाई ते. वाइन होय. स्पेनची, पांढरी. आल्बारिन्यो नावाचं द्राक्ष रायते तिकडं, त्याची."

"अल्बा...?" तिचा थोरला भाऊ प्रविण ट्रॅक्टर पुसता पुसता म्हणाला. "नाव घेता घेताच चढते बाप्पा."

हसली नाही ती. कारण उद्या नागपूर. तिथं नवं मोठं हॉटेल निघत होतं आणि वाइनचं सगळं खातं सांभाळायला त्यांना एक माणूस हवा होता. शेवटच्या फेरीत तिघं उरले होते. तिघांना सारखीच एक एक बाटली दिली होती आणि सांगितलं होतं: आपल्या गावचा एकच पदार्थ आणा, या वाइनशी जमेल असा. आज संध्याकाळी पाचच्या आत पदार्थाचं नाव आणि सामान फोनवर कळवायचं. पाच वाजून एक मिनिट झालं की परत गोवा.

आणि गोव्यात तिला राहायचं नव्हतं. का, ते तिनं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. गोव्याहून बपेरा दोन दिवसांच्या वाटेवर होतं आणि नागपूरहून तीन तासांच्या. ओसरीच्या उत्तर टोकाला चूल मांडून एकटा जेवणारा तिचा मोठेबाबा, बापाचा थोरला भाऊ भय्याजी, बहात्तर वर्षांचा झाला होता आणि तीन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. कोणाला मनवायचं असेल तर तीन तासांच्या अंतरावरून मनवता येतं. दोन दिवसांच्या अंतरावरून नाही.

*

वासुदेवरावांना त्यांच्या बापानं एक गोष्ट शिकवली होती. दारू जिभेवर कधी पारखू नये, जीभ लाचार असते. विस्तवावर पारखावी. मोहाची पहिल्या धारेची असली की निखाऱ्यावर निळी ज्योत उठते. पाणी घातलेली असली की नुसतं फुसफुसते. बापाच्या हातची तर म्हणे इतकी कडक, की एकदा चिलीम घेऊन जवळून गेलेल्या मामाची अर्धी मिशी गेली, आणि ज्या बाजूची गेली त्या बाजूला मामा मरेपर्यंत खरं बोलला नाही.

अकरा वाजता अंगणात कोणी नव्हतं. तृप्ती परसात हळदीच्या वाफ्यापाशी फोनला रेंज शोधत फिरत होती. वासुदेवरावांनी बादली वर ओढली. गार, हिरवट काच. वरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचता येईना. मनात आलं, एवढ्या दूरचा माल, एवढी महत्त्वाची परीक्षा, आणि पोरीनं नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला? बाप कशासाठी असतो मग?

त्यांनी फिरकीचं झाकण काढलं, स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या, ललिताबाईंच्या, चुलीतल्या निखाऱ्यावर वाटीभर ओतली.

छस्स.

ज्योत नाही. वासुदेवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, निखारा उलटा केला, परत ओतली. छस्स. तिसऱ्यांदा जरा हात सैल सोडून. चूलच विझली.

तृप्ती आत आली तेव्हा बाप पाटावर बसला होता, बाटली मांडीवर, डोळे भरलेले.

"पोरी," ते म्हणाले, "तुले फसवलं वो त्या लोकायनं. पाणी हाय हे."

तिनं बाटली उजेडात धरली. अर्धी.

"बाबा! किती ओतली?"

"तीनदा."

"तीनदा?"

"एक डाव पाहून कोणाले चोर म्हणावं का? न्याय करा लागते."

तृप्तीला ओरडायचं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण बापाचे डोळे खरेच भरले होते. आपल्या लेकीला परदेशातल्या लोकांनी ठकवलं याचं दुःख त्या माणसाच्या तोंडावर असं पसरलं होतं, की ओरडली असती तर ते आणखी वाढलं असतं. ती खाली बसली.

"बाबा, जळाले लागते तेवढी कडक नसते वाइन. म्हून जळत नाई. अस्सल हाय."

वासुदेवरावांनी विझलेला निखारा चिमट्यानं उलटा करून पाहिला.

"मंग म्या अस्सलच ओतली का?"

"हो."

"वास तं मस्त सुटला होता," ते हळूच म्हणाले.

*

चूल विझवणाऱ्या माणसाला ललिताबाई सहसा सोडत नसत. पण सोयरे संध्याकाळी सातला येणार, आणि लेक अर्धी बाटली घेऊन पाटावर बसलेली. भांडण त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि चूल परत पेटवली.

मंडईचा स्वयंपाक पहाटेपासूनच चालू होता. बेसनाच्या पातोड्या थापून झाल्या होत्या. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या तळून परातीत रचल्या होत्या. बोडीतले, म्हणजे गावाकडच्या त्या लहान तलावातले शिंगाडे उकडून तयार होते. आणि मुख्य म्हणजे झिंगे. सकाळीच जागेश्वर ढिवरानं टोपलीभर आणून दिलेले, बोटाच्या पेराएवढे, गोड्या पाण्याचे. ललिताबाईंनी त्यांचा लालभडक रस्सा केला होता: तेल, तिखट, कांदा, जवसाची पूड. त्या रश्श्यानं आजवर दोन जावयांना रडवलंय आणि एकाला सुधारलंय.

"पुस्तकात काय लिवलं हाय?" प्रविणनं विचारलं.

"पुस्तकात लिवलं हाय, शिंपले, खेकडे, कोळंबी, लिंबू. समुद्राचं खाणं. हलकं, आंबट, ताजं."

"तं झिंगे हायेतच की. दे फोन करून."

तृप्तीनं मोज्यात गुंडाळून आणलेला काचेचा पेला काढला. दोन घोट ओतली. आधी नुसती चाखली, मग रश्श्यातला एक झिंगा तोंडात टाकला, परत घोट घेतला.

ललिताबाई लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. सव्वीस वर्षं ते तोंड त्यांनी वाचलं होतं. डोळे मिटले नाहीत. ओठ जरा बाजूला गेले. झालं.

"पितळ्याच्या गडव्यातून ताक पिल्ल्यासारखं लागून राहिलं," तृप्ती म्हणाली. "तिखटानं वाइन कडू होते. मसाला तिले मारून टाकते."

"मायचा मसाला कोणालेच सोडत नाई," प्रविण म्हणाला. "स्पेनवाल्यायचं काय घेऊन बसली."

"तू चूप रे," ललिताबाई म्हणाल्या.

मग पातोडी. बेसनानं तोंड भरलं, वाइन कुठं गेली ते कळलंच नाही. मग कोचईची वडी. तिचं बरं चाललं होतं, पण वरच्या तिळागुळानं खोडा घातला. मग शिंगाडे.

"काय झालं?" ललिताबाईंनी विचारलं.

"काईच नाई. लग्नात एका पंगतीत बसलेले दोन अनोळखी सोयरे. जेवले अन् गेले."

"मुरमुरे लाव," प्रविण म्हणाला. "नाव दे, स्पॅनिश मुरमुरे."

या वेळी कोणीच हसलं नाही. पेल्यात चार घोट, बाटलीत फार तर आणखी सहा. घड्याळात अडीच. तृप्ती पेला नाकाशी धरून बसली होती, नुसतीच हुंगत. असं हुंगताना ती लहान होती तशी दिसायची: भय्याजींच्या मांडीवर, ओंजळीत तांदूळ, डोळे मिटलेले.

ललिताबाईंनी पदर सावरला आणि भिंतीला सांगितलं:

"नाक पायजे असन तं नाक ओसरीवर बसलं हाय."

प्रविणनं हातातली वडी परत परातीत ठेवली.

भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, धाकटी सून बोलत नाही. समोर आला तर डोक्यावर पदर, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरा नसेल तर भिंतीला, मांजराला. ललिताबाई लग्न होऊन आल्यापासून ही रीत पाळत होत्या, आणि कित्येक वर्षं त्या रीतीत गंमत होती. "मांजरे, सांग बरं कोणाले, च्या थंडा होऊन राहिला." "मांजरे, सांग, साखर जास्त झाली." भय्याजी त्यांच्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे. ते नाव ठेवणं म्हणजे घरातला खरा मान होता. सोयऱ्यांना कोणी नावं ठेवत नाही.

मग चौदा वर्षांपूर्वी भय्याजींची सत्यभामाबाई गेली. चार महिने अंथरुणात होती. जायच्या आधी तिनं जावेला जवळ बोलावून एक पदार्थ शिकवला. पान कोणतं, मीठ किती, आच किती. "त्यायले हे लगीत आवडते. मी नसन तवा करून देजो."

महिना सरल्यावर ललिताबाईंनी तो करून दिला. भय्याजी ताटावर बसले, वाफ नाकाशी गेली, आणि ते उठले. घास न घेता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि ओसरीच्या उत्तर टोकाला तीन विटांची चूल. तेव्हापासून ना मासळी, ना ललिताबाईच्या हातचं पाणी. मांजर दोन्ही चुलींवर जेवून इतकं जाड झालं, की त्याला निरोप पोचवायलाही उठवेना. तसेही निरोप उरले नव्हते.

काय चुकलं माझ्या हातानं? हा प्रश्न ललिताबाईंनी चौदा वर्षं चुलीत फुंकला होता. विचारला नव्हता. विचारणार कोणाला? मांजराला?

"मी गेली तं उठून जातीन," तृप्ती म्हणाली.

"उठून जाईन कुठी?" वासुदेवराव म्हणाले. "चूल त्यायचीच हाय."

*

भय्याजींच्या नाकाबद्दल पंचक्रोशीत जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं इतकं खरं आहे, की ते खोट्याहून जास्त वाटतं.

चाळीस वर्षं ते तुमसरच्या एका गिरणीत धान पारखायला होते. मूठभर चिन्नोर धान नाकाशी नेऊन सांगायचे, कोणत्या तलावाच्या पाण्याचं आहे. एकदा एका व्यापाऱ्याचे पन्नास पोती दारात उतरत होती. भय्याजी आत चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "तिसऱ्यात जुना तांदूळ घुसवला हाय. अन् हे बपेऱ्याचं धान म्हून सांगू नका, लाखनीकडून हायवेनं आलं, डिझल पिऊन आलं." व्यापारी दुसऱ्या दिवशीपासून त्यांना मामा म्हणू लागला. मिठाचासुद्धा वास येतो असं ते म्हणत. लोक हसायचे. "मिठाले काय वास, भय्याजी?" "तुले नाई येत. म्हून तुह्यी बायको तुले फसवते."

हे नाक त्यांना मूलबाळ नसल्यानं पुतणीला मिळालं. आणि तीन वर्षांपूर्वी पुतणीनं ते नाक दारूच्या नोकरीला नेलं. "म्या तुले धानासाठी शिकवलं," एवढंच ते बोलले होते. शेवटचं.

आता ते ओसरीच्या टोकाला खाटेवर बसून सुपात तांदूळ पाखडत होते. तृप्ती पेला घेऊन समोर उभी राहिली. मागे वासुदेवराव आणि प्रविण. आणखी मागे, दाराच्या चौकटीआड, एक पदर.

"मोठेबाबा."

सूप चालू राहिलं.

"मले प्यायले नाई सांगून राहिली. नुसता वास घ्या. काय पायजे याले, एवढं सांगा. मले नाई कळून राहिलं."

सूप थांबलं. हे वाक्य भय्याजींना जड गेलं. लहानपणी ही पोट्टी कधी म्हणत नसे मला कळत नाही. चुकीचं सांगायची, पण ठासून.

"माळ गळ्यात हाय, मोठेबाबा," प्रविण म्हणाला. "नाकात थोडीच हाय. वास घेतल्यानं पाप लागत असन तं आज मंडईत अख्खं गाव नरकात जाईन."

भय्याजींनी सूप बाजूला ठेवलं. प्रविणकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे गेला. मग हात पुढे केला.

पेला त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, तांदूळ धरतात तसा. डोळे मिटले.

मंडईच्या मैदानातून भोंग्यावर कोणीतरी हरवलेल्या मुलाच्या आईला बोलावत होतं.

"मांडव," भय्याजी म्हणाले.

 तीन वर्षांतला पहिला शब्द.

"याचे वेल भुईवर नाईत. आपल्या दोडक्यासारखे मांडवावर चढवले हायेत. खालून हवा खेळून राहिली. पाऊस भरपूर पडते तिकडं, नाई तं मांडव कोण करते?"

तृप्तीनं तिथले फोटो पाहिले होते. दगडी खांबांवरचे मांडव, खाली माणसं उभ्यानं चालतात. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"लिंबाची साल. अन्..." त्यांनी परत हुंगलं. "मीठ. वावराच्या जवळ खारं पाणी हाय. लगीत मोठं."

"समुद्र हाय, मोठेबाबा. अगदी लागून."

"म्या नाई पायला समुद्र," भय्याजी म्हणाले. "असा रायते होय."

आणखी एकदा त्यांनी पेला नाकाशी नेला. आणि तिथंच राहिले.

समुद्र मागे सरला होता. त्याच्या जागी बांधीचा धुरा होता, धानाच्या शेताचा बांध. कार्तिकातली दुपार. चिन्नोर निसवलेलं, राखण करायची म्हणून दोघं शेतावर. सत्यभामा बोडीतून वर येतेय, ओल्या पदरात ओंजळभर झिंगे. एवढे थोडे, की घरी नेले तर भांडण व्हावं. म्हणून तिथंच. धुऱ्यावरच्या झाडाची हिरवी चिच, दाणा न भरलेली, दगडावर ठेचलेली. हिरवी मिरची. सांबार, ज्याला बाकीचे लोक कोथिंबीर म्हणतात. हळदीच्या पानात पुडा बांधून राखेत. तेल नाही, कांदा नाही. तिची बोटं चिचेनं हिरवी झालेली, आणि ती ती बोटं त्यांच्या नाकाशी धरून विचारायची, "सांगा, मीठ किती?"

"भाऊ?" वासुदेवरावांनी हाक मारली. "काय झालं? मंगाशी म्याच ओतली होती, पाणी नाई ना घातलं कोणी?"

भय्याजींनी डोळे उघडले.

"झिंगे," ते तृप्तीला म्हणाले. "हिरव्या चिचेत. हळदीच्या पानात, राखेत. याले तेच पायजे."

दाराच्या चौकटीआड काहीतरी सांडलं. वाटी असावी.

"मोठीमायचे?" तृप्तीनं विचारलं.

"हो."

"पण तुमी तं ते..." वासुदेवराव मध्येच थांबले. मग, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, न थांबता बोलले. "ललितानं करून देल्लं होतं तुमाले. ताटावरून उठून गेले तुमी. चौदा वर्स झाले, थे रोज म्हणते, काय चुकलं माह्या हातानं. मले म्हणते, भिताडाले म्हणते. सांगून तरी द्या एक डाव."

भय्याजींनी पेला खाली ठेवला. आपलं उठून जाणं कोणाला लागलं असेल हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. माणसाला दूरचा तलाव कळतो, शेजारची चूल कळत नाही.

"काईच नाई चुकलं," ते म्हणाले. "सांगा तिले. काईच नाई चुकलं. हुबेहूब तोच वास होता. चिच तेवढीच, मीठ तेवढंच. डोळे मिटले तं वाटलं, समोर तीच बसली हाय. उघडले तं नोती." त्यांनी गळ्यातली माळ बोटानं सरकवली. "चुकलं असतं तं खाल्लं असतं म्या."

"अन् माळ?" प्रविणनं हळूच विचारलं.

"झिंगे नको म्हटलं असतं तं लोकायनं कारण पुसलं असतं. माळ घातली की कोणी पुसत नाई. मंग घातली तं पाळली."

 ललिताबाई जर बाहेर आल्या असत्या तर कोणालाच तोंड कुठं लपवावं कळलं नसतं. त्या आल्या नाहीत. आतून फक्त एवढं ऐकू आलं:

"तृप्ती, परसातले हळदीचे पान आन वो माय. मोठे पायजो, फाटके नको."

*

साडेतीन वाजता प्रविण मोटरसायकलवर बोडीकडे सुटला, कारण टोपलीतले सगळे झिंगे रश्श्यात गेले होते. जागेश्वर मंडईत नव्या सदऱ्यात नटून दंडारीचा खेळ पाहत बसला होता. प्रविणनं त्याला तसाच उचलला. नवा सदरा कमरेपर्यंत भिजवून जागेश्वरनं दोन ओंजळी झिंगे काढले आणि वर शिवीही दिली. ती मी इथं लिहीत नाही, पण त्या शिवीनं बोडीतले दोन मासे आपणहून काठावर आले असं प्रविण सांगतो.

वासुदेवराव चिचेवर चढले. बासष्टीच्या माणसानं चढू नये, पण अर्धी बाटली ओतल्याचं प्रायश्चित्त कुठंतरी करायलाच हवं होतं.

आणि भय्याजींची खाट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. आत नाही, उंबऱ्याबाहेर. ललिताबाई पदर कपाळापर्यंत ओढून चुलीशी बसल्या. मध्ये तृप्ती.

"सांग आपल्या मायले, चिच जास्त नोको बारीक करू."

"मोठेबाबा म्हणतेत..."

"ऐकलं," ललिताबाई म्हणाल्या, भिंतीला.

पुडे बांधून झाले. ललिताबाईंनी राख सारून खड्डा केला, पुडे ठेवले, वर राख, वर निखारे. घड्याळात पावणेपाच.

"किती वेळ लागते?" तृप्तीचा आवाज बारीक झाला होता. "चाखल्याशिवाय फोन कसा करू?"

"वीस मिनिटं," भय्याजी म्हणाले.

"पाच वाजून जातीन!"

"तं लाव फोन."

"चाखल्याशिवाय?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ. "म्या तुले पंधरा वर्स काय शिकवलं? नाक आधी रायते. जीभ मांगून येऊन सही करते."

तृप्ती परसात हळदीच्या वाफ्यापाशी गेली, जिथं दोन कांड्या रेंज येत होती. पलीकडच्या बाईनं सामान लिहून घेतलं. झिंगे, गोड्या पाण्याचे. हिरवी चिंच. मिरची, कोथिंबीर. हळदीची पानं. सोबत चिन्नोरचा भात.

"पदार्थाचं नाव काय लिहू?"

तृप्तीनं ओसरीकडे पाहिलं. नाव कोणी ठेवलंच नव्हतं. दोन माणसांच्या खाण्याला नाव लागत नाही.

"सत्यभामाबाईचे झिंगे," ती म्हणाली.

ती परत आली तेव्हा भय्याजी उंबऱ्यावर वाकले होते. "काढा," ते म्हणाले, आणि ललिताबाईंचा हात आधीच राखेत होता.

पान उलगडलं. हळदीचा, चिचेचा, राखेचा वास घरभर झाला. वासुदेवरावांनी चिचेवरून खरचटलेलं ढोपर धरून डोळे मिटले. तृप्तीनं एक झिंगा तोंडात टाकला, मग वाइनचा घोट.

ललिताबाईंनी लेकीचं तोंड वाचलं. डोळे मिटले होते. मिटलेलेच राहिले.

"माय," तृप्ती म्हणाली. पेला तिनं आईपुढे केला. ललिताबाईंनी भासऱ्याकडे पाठ करून एक घोट घेतला, एक झिंगा खाल्ला, परत एक घोट घेतला.

"आता बसले का सोयरे एका पंगतीत?" प्रविणनं विचारलं.

"सोयरे नाई," तृप्ती म्हणाली. "सख्खे."

मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ललिताबाईंनी उरलेला एक पुडा तसाच बंद तृप्तीच्या हाती दिला. तिनं तो भय्याजींपुढे उलगडला. वाफ वर गेली. चौदा वर्षांपूर्वी गेली होती तशीच. 

भय्याजींनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. ते परत वाकले, जास्त जवळ. डोळे उघडले आणि तृप्तीकडे नाही, भिंतीकडे नाही, मांजराकडे नाही, सरळ चुलीशी बसलेल्या पदराकडे पाहिलं.

"मीठ कमी हाय, ललिता."

"हाय तं हाय," ललिताबाई म्हणाल्या. तेवढ्याच सरळ. "घरात असते एखाद डाव कमी."

"या पुड्यात कमी हाय. त्या पोट्टीच्या पुड्यात बराबर होतं."

"खासान का नाई ते सांगा."

म्हातारा हसला. खोकल्यासारखं हसला. "माळ हाय वो गळ्यात. भात वाढ. तुह्या चुलीवरचा. अन् थे चिचेचं पाणी वरून नोको टाकू, नुसता वास राहू दे जवळ."

ललिताबाई उठल्या. उजव्या हातानं त्यांनी ताटात चिन्नोरचा भात वाढला, वाफाळता, डोंगर करून. डावी मूठ मघापासून घट्ट मिटलेली होती. वाढून झाल्यावर, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, ती त्यांनी मिठाच्या मडक्यावर हळूच उघडली, आणि त्या पुड्यात न घातलेलं चिमूटभर मीठ आत पडलं.